कै. टाकू नका, ते अजून आहेत

सांगलीत बॅकअप जीबीत मोजत नाहीत, फुटांत मोजतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी त्याच्या बरंच वर गेलं, तेव्हा पेठेतली जाणती मंडळी म्हणाली, असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं आणि ती शंभर वर्षं चौदा वर्षांतच उरकली.

माझा प्रेस तळमजल्यावर. प्रेस म्हणजे एक ऑफसेट मशीन, दोन कॉम्प्युटर आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. मशीन कोण उचलणार? कॉम्प्युटर तेवढे पोटमाळ्यावर चढवले. पाणी ओसरलं, चिखल काढला, वायर जोडली, तर कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्यातला मेलही. मी नारळ फोडायला निघालो होतो, तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. तो आयटीत आहे, त्यामुळे आनंदाच्या वेळी काळजीचं बोलण्याची त्याला सवय आहे. म्हणाला, "बाबा, तुमचा वीस वर्षांचा सगळा मेल एका मशीनवर, एका प्रोग्रॅममध्ये आहे. तो प्रोग्रॅम बसला तर? जुने मेल बाहेर काढून ठेवा."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर," तो म्हणाला. नारळ राहिला.

आता एखादा विचारेल, जुने मेल हवेतच कशाला? ज्याने पत्रिका छापलेल्या नाहीत तोच हे विचारेल. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी संपत नाही. २०११ साली ज्याच्या लग्नाची पत्रिका केली, तो आता मुलाच्या मुंजीला येतो आणि म्हणतो, "काका, तोच गणपती टाका, आणि नावं तुमच्याकडे असतीलच." असतातच. कोणत्या घराण्यात कोणाचं नाव आधी, कोणत्या आत्याचं नाव राहिलं म्हणून ती आली नव्हती, कोणाच्या आधी श्री. आणि कोणाच्या आधी कै., हे सगळं माझ्या इनबॉक्समध्ये आहे. शिवाय पुरावे असतात. एकदा नवरदेवाच्या नावाआधी चि. सौ. कां. छापून गेलं. वरपक्ष चालून आला. पण प्रूफ बघून "ओके, एकदम मस्त" असा मेल नवरदेवाच्या सख्ख्या काकांनीच पाठवला होता. तो मेल मी मरेपर्यंत जपणार, आणि नंतर मुलाने जपावा.

माझ्या मेल प्रोग्रॅमचं नाव घेत नाही, अजून त्याच्यासोबत संसार करायचा आहे. पण त्या जातीच्या सगळ्यांचीच एक रीत असते: मेल आपला, आणि तो ठेवायचा कसा ते त्यांनी ठरवायचं. आउटलुकवाले सगळं एका पीएसटी फाइलमध्ये भरतात. २००२ च्या आवृत्तीपर्यंत या फाइलला २ जीबीची मर्यादा होती आणि ती भरत आली की फाइल बिघडे. मग ती दुरुस्त करायला 'स्कॅनपीएसटी' नावाचं अवजार दिलेलं असे, ते हार्ड डिस्कवर कुठे आहे हे शोधण्यातच अर्धा दिवस जाई. २००३ पासून मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५०. दुसरी पंगत एमबॉक्सवाल्यांची. थंडरबर्ड त्यातला. तिथे एका फोल्डरची एक लांबलचक फाइल, आणि त्यात सगळे मेल एकाखाली एक. म्हणजे एकत्र कुटुंबाचा सातबारा: नावं चाळीस, उतारा एक, आणि एकाची वाटणी करायची म्हटलं की सगळे जागे होतात. त्यातही गंमत अशी, की डिलीट केलेला मेल दिसेनासा होतो, पण फाइलमधून जात नाही. 'कॉम्पॅक्ट' नावाचा हुकूम देईपर्यंत तो आतच बसून राहतो.

आणि हा एवढा साठा करायची सवय आपल्याला लावली कोणी? १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि त्यांनी १ जीबी फुकट देऊ केली. हॉटमेल तेव्हा २ एमबी द्यायचं, याहू ४. लोकांना वाटलं, एप्रिल फूल आहे. नव्हतं. त्या दिवसापासून माणसाने मेल डिलीट करणं सोडलं आणि "असू दे, कधीतरी लागेल" हा आपल्या आजीचा मंत्र जगाने स्वीकारला.

असो. मुलाने सांगितलं की एकेक मेलची एकेक फाइल करा, ईएमएल म्हणतात तिला. साधी मजकुराची फाइल असते, पुढे कोणताही प्रोग्रॅम उघडेल, काही नाही मिळालं तर नोटपॅडही उघडेल. मी लगेच नोटपॅडने एक उघडून बघितली. वर पंधरावीस ओळी मेल कुठून कुठून फिरून आला त्याचा प्रवासवृत्तांत, आणि खाली जिथे "काका" असायला हवं तिथे बरोबरची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मुलगा म्हणाला, मराठी अक्षर प्रवासाला निघताना असं पॅक करतात. एका 'क'साठी नऊ चिन्हं लागतात. 'का'साठी अठरा. म्हणजे नुसतं "काका" लिहायला छत्तीस! एवढ्या आदराने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही.

तरीही माझं मत ईएमएलच्याच बाजूने आहे. आमच्या शेजारचे वकीलसाहेब सगळे मेल पीडीएफ करून ठेवतात. दिसायला छान, पण अटॅचमेंट बाहेरच राहते, आणि मी अटॅचमेंटवर जगतो. शिवाय तो वरचा प्रवासवृत्तांतही गळतो, आणि तंटा झाला की नेमका तोच लागतो. हे वकिलाला मी सांगायचं म्हणजे कमालच.

खरा घोळ फाइलींच्या नावांत होता. बाहेर काढताना प्रोग्रॅम मेलचा विषय हेच फाइलचं नाव करतो. विंडोजला नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, आणि त्यातलं एक म्हणजे विसर्गासारखे दोन टिंब. आता उत्तराच्या प्रत्येक मेलचा विषय 'रि' आणि दोन टिंब यांनीच सुरू होतो! मग त्या जागी खालची रेघ येते. लग्नाचं प्रूफ सात-आठ वेळा इकडून तिकडे गेलं, की नावात आधी 'रि'ची माळ, मग रेघांची रांगोळी, आणि शेवटी 'फायनल'. 'फायनल' नंतर 'फायनल २', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' आणि 'हेच फायनल, आधीचं फायनल नाही'. छापलं कोणतं, ते देव आणि ऑपरेटर जाणे.

त्यात आमची गिऱ्हाइकं मेल विषयाच्या ओळीतच लिहितात. आत काही नसतं. आत का लिहीत नाहीत, हे मी एकाला विचारलं. "उघडायचा त्रास नको तुम्हाला," असं उत्तर आलं. तर एक दिवस प्रोग्रॅम अडून बसला. नाव फार लांब आहे म्हणे. फोल्डरांची नावं आणि फाइलचं नाव धरून सगळी वाट २६० अक्षरांत बसावी लागते. कोणाचं एवढं लांब म्हणून बघितलं, तर हे:

"काका नवरदेवाच्या आजोबांच्या नावापुढे कै. टाकू नका ते अजून आहेत फक्त आजारी होते आता बरे आहेत आणि त्यांनी स्वतः प्रूफ बघितलं आहे त्यामुळे घरात वातावरण जरा तसं आहे तरी लवकरात लवकर दुरुस्त करून परत पाठवा आणि प्लीज फोन करू नका फोन तेच उचलतात"

या नावाची फाइल विंडोजने घेतली नाही. मी ते कापून 'कै. नको' असं ठेवलं. (आजोबा पुढे नातवाच्या लग्नात जेवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाई काय होती?")

मुलाचा जीव मात्र एमबॉक्सवरही. म्हणून एक प्रत तशीही केली. त्या फाइलीत नवा मेल कुठे सुरू होतो ते कसं कळतं? ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी 'फ्रॉम' आणि पुढे मोकळी जागा आली, की नवा मेल. इतकं सोपं, की ऐकूनच मला धडकी भरली. मजकुरातच अशी ओळ आली तर तिच्यापुढे एक बाण टाकतात, म्हणजे गफलत होऊ नये. पण सगळेच प्रोग्रॅम हा बाण टाकत नाहीत. आणि आपल्याकडे मुख्याध्यापकांपासून कारखान्याच्या अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाचं पत्र कशाने सुरू होतं? 'फ्रॉम द डेस्क ऑफ'! स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचा एक मेल उघडला तर त्याचे दोन झालेले. पहिल्यात नुसतं "सर, मजकूर खाली आहे", आणि दुसरा कोणी पाठवला, कोणाला, कधी, काही पत्ता नाही.

तारखांचंही तसंच. मेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरची असते. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की काही जुने कॉम्प्युटर थेट १ जानेवारी १९८० ला जाऊन उभे राहतात. त्यामुळे माझ्या संग्रहातला सगळ्यात जुना मेल १९८० चा आहे. त्यात वधूच्या शिक्षणात एम.एस्सी. घालायचं राहिलं म्हणून तक्रार आहे. वधूचा जन्म १९८६ चा.

पण मी खरा रेंगाळलो तो युनिकोडच्या, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीच्या, आधीच्या मेलांत. तेव्हा आम्ही श्रीलिपी, शिवाजी, किरण असले फॉन्ट वापरत असू. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच. फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसायचा. फॉन्ट गेला की उरतात ती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डॉलर. आमची ऑपरेटर मुलगी नवीन आहे. तिने असा एक मेल उघडला आणि खुर्ची मागे सरकवली.

"काका, व्हायरस आहे."

"नाही गं. मंगलाष्टकं आहेत."

तिला पटेना. मग मी त्या कंसांवर आणि डॉलरवर बोट ठेवत ठेवत पहिलं अष्टक 'शुभमंगल सावधान'पर्यंत म्हणून दाखवलं. इतकी वर्षं रोज बघून ती लिपी मला वाचता यायला लागली आहे. या विद्येचा जगात कुणाला उपयोग नाही, पण त्या दिवशी दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी हात जोडले. शोध मात्र या मेलांत चालत नाही. 'देशमुख' टाका, युनिकोडमधले सगळे देशमुख हजर होतात, २००४ चे एकही नाही. त्यांच्यासाठी मलाच बसावं लागतं.

हे सगळं रात्री जेवणानंतर चालायचं. बायको म्हणाली, "अहो, हे बघणार कोण?" तेव्हा मी तिला मुलाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली: २०११ साली ब्रिटिश लायब्ररीने एका कवयित्रीची कागदपत्रं घेतली, त्यात सुमारे ४०,००० ईमेल होते, आणि सगळ्याचे ३२,००० पौंड मोजले. तिने पौंडाचे रुपये करून बघितले. नंतर बराच वेळ ती माझ्याकडे नव्या नजरेने बघत होती. मग विचारलं, "त्यात कविता असतील ना?" मी गप्प. माझ्याकडे फार तर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' आहे.

अटॅचमेंटनी जागा किती खाल्ली ते सांगत बसत नाही. मेलमधून जाताना फाइलच्या तीन बाइटचे चार होतात, म्हणजे ३० एमबीची कोरलची, पत्रिकेच्या डिझाइनची, फाइल मेलच्या पोटात ४० ची होते, एवढं सांगितलं की पुरे. हार्ड डिस्क मोठी आणावी लागली.

मग मुलाने तीन-दोन-एकचा नियम सांगितला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिली प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर. दुसरी मुलाने क्लाउडवर चढवली. ती किती फुटांवर आहे, याचं त्याला नीट उत्तर देता आलं नाही. तिसरी हार्ड डिस्क घराबाहेर ठेवायची, आणि सांगलीकराच्या दृष्टीने घराबाहेर म्हणजे उंचावर. मिरजेचा मेव्हणा तिसऱ्या मजल्यावर राहतो. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, अशी सगळी त्याच्याकडे सोपवली. "कपाटात ठेव, हात लावू नकोस, यात माझा सगळा धंदा आहे," असं बजावलं. तो म्हणाला, "दाजी, काळजीच सोडा."

परवा रविवारी दुपारी त्याचा फोन.

"दाजी, तुमच्या त्या डब्यात पिक्चर काहीच नाहीत की हो."

"तू ती डिस्क कुठे लावलीस?"

"नव्या टीव्हीला. नुसती 'रि रि' नावं दिसायला लागली, म्हणून काढून परत घातली. आता टीव्ही विचारतोय, ही डिस्क फॉरमॅट करायची का? खाली हो आणि नाही असं आलंय."

"नाही दाब!"

"दाबलं असतं हो. पण रिमोट बारक्याच्या हातात आहे."