बरणीतलं बंड कसं प्यावं

तुम्हाला बंडखोर व्हायचं आहे आणि सोमवारी ऑफिसही गाठायचं आहे? मग टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला जा. माणशी पाच डॉलर द्यायचे आणि रांगेत उभं राहायचं. हो, रांगेतच. बंडखोरांची रांग फार शिस्तीची असते. काउंटरपलीकडे डांगरी घातलेला एक दाढीवाला पोरगा अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यांतून एकामागून एक मूनशाइन, म्हणजे एकेकाळी कर चुकवून चोरून गाळायचे ती पहाडी दारू, चाखायला देतो, दर पेल्याला एक चावट विनोद फुकट. ॲपल पाय, पीच, ब्लॅकबेरी. शेवटी काचेची बरणी, बरणीवर तीन फुल्या, दाराबाहेर फोटो. झालात तुम्ही कायद्याचे शत्रू. कर भरल्याची पावती पिशवीतच असते, ती हरवू नका.

मागच्या महिन्यात लाँग वीकेंडला आम्ही हे सगळं पदरात पाडून घेतलं. पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, 'मॉलबाहेरची खरी अमेरिका' बघायची होती. शार्लटहून जाताना गाडी मी चालवली आणि येतानाही मीच, कारण बाकी सगळे बंडखोर झाले होते. परतीच्या घाटात मांडीवरची बरणी कुरवाळत भाऊजी म्हणाले, "वहिनी, माणसं असावीत तर अशी. सरकारला कर देणार नाही म्हणजे नाही! आपल्याकडे आहे का असा कणा?" मी वळणं सांभाळत होते, म्हणून गप्प बसले. तेव्हाचं साठलेलं आता खाली उतरवते आहे. ज्यांना असा कणा दोन दिवसांच्या सहलीत हवा असेल त्यांनी पाठ करून जावं.

इतिहास 1794 सालापाशी संपवावा. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1791 मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला धान्याची पोती डोंगरापलीकडे नेणं परवडत नव्हतं. त्याच धान्याची व्हिस्की केली की ती खेचराच्या पाठीवर मावायची. रोकड नसलेल्या त्या मुलखात व्हिस्की हाच पैसा होता. त्यात मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे कमी कर पडेल अशी सोय होती, छोट्याला नव्हती. लोक उगाच चिडले नव्हते. वसुलीला आलेल्यांना डांबर फासून पिसं चिकटवली गेली, 1794 च्या जुलैत जॉन नेव्हिल या वसुली अधिकाऱ्याचं घर जाळलं गेलं, आणि अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे 13,000 माणसांची फौज घेऊन निघाले. फौज पोचेपर्यंत बंडवाले पांगलेही होते. इथे थांबा आणि पेला उचला. पुढे वाचलंत तर पंचाईत होईल, कारण 1797 मध्ये त्याच वॉशिंग्टननी माउंट व्हर्ननच्या आपल्या जमिनीवर स्वतःची भट्टी लावली. 1799 मध्ये तिच्यातून जवळपास 11,000 गॅलन व्हिस्की निघाली आणि ती गाळायला राबत होते सहा गुलाम. एवढं सगळं बरणीच्या लेबलवर मावत नाही.

1862 साली यादवी युद्धाच्या खर्चासाठी तो कर परत आला, हे सांगू नये. 'सरकार हात धुऊन मागे लागलं' एवढं पुरतं.

पहाडी माणसाची माहिती घ्यायची ती डोंगरात न राहणाऱ्याकडून. ही जुनी परंपरा आहे. 1880 च्या दशकात बॉस्टनच्या मासिकवाल्यांना टेनेसीच्या डोंगरातल्या कथांनी वेड लावलं होतं, लेखकाचं नाव चार्ल्स एगबर्ट क्रॅडॉक. हे क्रॅडॉक पुढे संपादकांसमोर उभे राहिले तेव्हा कळलं, ही तर मेरी मर्फ्री नावाची बाई, डोंगरात उन्हाळ्यात हवापालटाला जाणाऱ्या खात्यापित्या घरातली. बाईंच्या निरीक्षणाला मी नावं ठेवणार नाही. पण मागून आलेल्यांनी नुसता साचा उचलला: अनवाणी पाय, फाटकी टोपी, बंदूक, मडकं, डुलकी. तो साचा पुढे इतका खपला की 1940 च्या दशकात नॉक्सव्हिलमध्ये व्हिस्कीत मिसळायला एक गोड पाणी निघालं, त्याला मूनशाइनचंच टोपणनाव दिलं आणि बाटलीवर तो अनवाणी पहाडी छापला. ते टोपणनाव माउंटन ड्यू. आपल्याकडच्या जाहिरातींत ज्याच्यासाठी तरणी पोरं कड्यावरून उड्या मारतात, तेच. पहाडी बाटलीवरून गेला, उड्या राहिल्या.

गाड्यांबद्दल मात्र मोकळेपणानं बोला. तो भाग मलाही आवडतो, खोटं कशाला सांगू! उत्तर कॅरोलायनाचा ज्युनियर जॉन्सन बापाचा माल रात्रीतून पोचवता पोचवता गाडी हाकायला शिकला. रस्त्यावर पोलिसांच्या हाती तो कधी लागला नाही. 1956 मध्ये सापडला तो बापाच्या भट्टीपाशी, दोन पायांवर. सुमारे अकरा महिने तुरुंगात काढले, बाहेर येऊन नॅसकारच्या, म्हणजे तिथल्या मोटारींच्या, शर्यती मारल्या आणि 1986 मध्ये अध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली. म्हातारपणी त्याच्या नावाची मूनशाइन दुकानात आली. कर भरलेली.

शेजाऱ्यांचा विषय टाळा. उत्तर जॉर्जियात 1890 च्या आगेमागे भट्टीवाल्यांच्या टोळ्या होत्या, 'व्हाइटकॅप्स' म्हणत त्यांना. भट्टीची खबर कुणी दिली असा नुसता संशय आला तरी रात्री बुरखे घालून त्या माणसाच्या दारात. चाबकानं फोडायचं, घर पेटवायचं. बंड सरकारविरुद्ध आणि मार शेजाऱ्याला. आणि खबर दिली म्हणून ज्याची पाठ फुटली तोही तितकाच गरीब, तितकाच पहाडी. त्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट मला त्या रस्त्यावर दिसले नाहीत, आणि तिथे टी-शर्टांची दुकानं मोजून दमायला होतं.

'कायद्याशी झुंज' हे शब्द वापरताना कायदा कुठल्या बाजूला होता ते तपासू नये. व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दारूबंदीच्या काळात शेरीफच्याच, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्याच, माणसांनी मुलूख वाटून घेतला होता. भट्टीमागे इतके, गाडीमागे इतके. भाऊजी, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. जो हप्ता देईल त्याची भट्टी चालणार, जो देणार नाही त्याच्या भट्टीवर धाड पडणार आणि पेपरात फोटो येणार. 1935 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा हिशेब निघाला: चार-पाच वर्षांत त्या एका ग्रामीण काउंटीत सुमारे 16,900 टन साखर आणि 37 टन यीस्ट आलं होतं. एवढ्या साखरेचा काय मुरंबा घातला? वीसएक जण दोषी ठरले. काउंटीचा सरकारी वकीलही आरोपी होता, तो सुटला. मग ज्युरीला फितवल्याबद्दल वेगळा खटला लावावा लागला. म्हणजे तुमच्या त्या कण्याला आधार होता तो खाकीचा.

आता पुढचा सल्ला, कितवा ते मी मोजायचं सोडलं आहे. दारूत काय होतं, हे कधीही विचारू नये. मी विचारलं. काउंटरवरच्या पोरानं चमच्यात थोडी ओतून पेटवून दाखवली होती: ज्योत निळी म्हणजे माल शुद्ध, लाल म्हणजे शिसं, ही म्हणे आजोबांची पारख. मी म्हटलं, मिथेनॉलची, म्हणजे विषारी अल्कोहोलची, ज्योतही निळसरच असते ना? उजेडात तर दिसतसुद्धा नाही. तो गोड हसला आणि म्हणाला, "मॅम, पुढचा फ्लेवर पीच." मागून कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा टाकला. आमच्या ह्यांनी माझा दंड दाबला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, इथेपण ऑडिट?"

हो, इथेपण. तांब्याची नळी महाग पडते म्हणून भट्टीची वाफ थंड करायला जुन्या मोटारीचा रेडिएटर लावायचे, आणि त्याचे सांधे जोडताना वापरलेलं शिसं थेंबाथेंबानं दारूत उतरायचं. पिणाऱ्याच्या पोटात कळा, सांध्यांत कळा, मग डोक्यात बिघाड. तुमचा तो रॉबिनहूड स्वतःला कुठली प्यायचा आणि गिऱ्हाइकाला कुठली विकायचा, विचारलंत कधी? 1930 मध्ये तर भट्टीचीही गरज पडली नाही. औषधांच्या दुकानात जमैका जिंजर नावाचा आल्याचा अर्क मिळायचा. त्यात अल्कोहोल भरपूर आणि किंमत थोडी, म्हणून दारूबंदीत गरिबांची तीच दारू. लोकांनी तो पिऊ नये म्हणून सरकारनं नियम केला होता की त्यात आल्याचा कडू गाळ ठरावीक प्रमाणात असलाच पाहिजे. बॉस्टनच्या हॅरी ग्रॉस आणि मॅक्स राइसमन यांनी गाळाऐवजी प्लास्टिक मऊ करायचं एक रसायन घातलं. चव बिघडत नव्हती आणि तपासणीत वजन बरोबर भरत होतं. हजारो माणसांचे पाय लुळे पडले, काही अंदाजांनी 30,000 च्या वर. चालताना आधी चवडा आपटायचा, मग टाच. दक्षिणेकडच्या गावांत ती चाल लांबून ओळखू यायची, 'जेक लेग' म्हणायचे. लोकांनी तिच्यावर गाणी केली. ग्रॉस आणि राइसमनना आधी शिक्षा झाली ती हजार-हजार डॉलर दंडाची आणि स्थगित कैदेची. पाय गेलेल्या शेतमजुराला काय मिळालं असेल ते तुम्हीच ओळखा.

1951 मध्ये दारूबंदी उठून अठरा वर्षं झाली होती. 'फॅट' हार्डी नावाच्या विक्रेत्यानं अटलांटात मिथेनॉल मिसळलेली दारू विकली. सुमारे 40 माणसं मेली, शेकडो इस्पितळात गेली. बहुतेक सगळी कृष्णवर्णी आणि गरीब, कारण स्वस्त माल त्यांच्याच वस्तीत जातो. ही गोष्ट गॅटलिनबर्गच्या एकाही भिंतीवर नाही. तिथे बँजो आहे, अस्वल आहे, मडक्यांची आरास आहे.

मिथेनॉल काय करतं ते मला टेनेसीत जाऊन शिकायची गरज नव्हती. डोळ्यांपुढे आधी धुकं येतं, मग अंधार, मग श्वास लागतो. मालाडची मालवणी, जून 2015, 100 हून अधिक मृत्यू. रिक्षावाले, बिगारी, सफाईवाले. तेव्हा मी सुट्टीवर पुण्यात होते. घरात टीव्ही चालू होता आणि भाऊजी, तुम्ही पोहे खाता खाता म्हणालात, "प्यायला कोणी सांगितलं होतं त्यांना?"

तेव्हा नाही सुचला तुम्हाला कणा?

थांबा, मी हातभट्टीची वकिली करत नाहीये. नवसागर टाकून गाळलेली, टायरच्या ट्यूबमधून आलेली दारू घरं बसवते, ती बंदच व्हायला हवी. तुमच्या सोसायटीच्या मागच्या नाल्यापाशी एक बाई विकायची. तिच्याविरुद्ध अर्ज केलात, बरं केलंत. पण पोलीस तिला घेऊन गेले तेव्हा ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकलीत. कॅनवर कॅन उलटे करून 'गूळमिश्रित रसायन नष्ट' अशी बातमी आली, तिचं कात्रण आम्हालाही पाठवलंत. ती पण कर भरत नव्हती, भाऊजी. ती पण हप्ता भरत असणार. तिचा नवरा कशानं गेला ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. तिच्यात तुम्हाला नुसती घाण दिसली. आणि सात समुद्रापलीकडचा दाढीवाला बरणी हातात घेऊन उभा राहिला की स्वातंत्र्य दिसतं? तो गोरा आहे म्हणून? की मेलेला आहे म्हणून?

आणि हे भाऊजींनाच नाही. तुम्हालाही, जे 'आउटलॉ' लिहिलेली टोपी घालून तिथे रांगेत उभे होता आणि माझ्या प्रश्नावर सुस्कारे टाकत होता. गोष्ट ऐकायची असेल तर पुरती ऐका. ज्याचं घर जळलं त्याच्यासकट, जो लंगडला त्याच्यासकट, हप्ता घेणाऱ्या शेरीफसकट. नाहीतर सरळ कबूल करा की पीच फ्लेवर आवडला आणि पाच डॉलरमध्ये टाइमपास झाला. त्यात लाज काही नाही. मलाही आवडला असता, गाडी चालवायची नसती तर.

बरणी आता पुण्यात आहे. रिकामी करून, आत बॅटरीवरच्या दिव्यांची माळ सोडून भाऊजींनी ती शोकेसमध्ये ठेवली आहे. काल सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली एकच शब्द, 'बंडखोर', आणि तोच फोटो कौतुकानं आमच्या घरच्या ग्रुपवर. भाऊजी, सोसायटीच्या ग्रुपवर जरा वर सरकवून बघा. त्या बाईविरुद्धचा अर्ज अजून तिथेच आहे आणि पहिली सही तुमची आहे.