स्टीअरिंग नाही म्हणून सोपं?

"ट्रेन रुळावरच तर चालवायची, स्टीअरिंगपण नाही, मग ड्रायव्हरला एवढं ट्रेनिंग कशाला" असं कुणीतरी लिहिलंय, त्यांच्यासाठी. अहो पळवणं सोपंच आहे, थांबवणं अवघड. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, घर्षण मुळातच कमी, वेगात असलेली लांब मालगाडी थांबायला एक किलोमीटरच्या वर सहज जाते, म्हणजे समोर काही दिसल्यावर ब्रेक मारून बहुतेक वेळा उपयोग नसतो. म्हणून रूट पाठ असावा लागतो, चढ कुठे संपतो, वळणामागे सिग्नल कुठे लपलाय, स्पीड कुठे कमी करायचा, तेही रात्री आणि धुक्यात. नवीन रूटवर आधी जाणकार ड्रायव्हरबरोबर फेऱ्या मारायच्या, मगच गाडी हातात.

ब्रेक तर वेगळंच प्रकरण. सगळ्या डब्यांखालून जाणाऱ्या पाइपातलं हवेचं प्रेशर कमी केलं की ब्रेक लागतात, वाढवलं की सुटतात, उलटं वाटतं ना, पण त्यामुळेच गाडी मध्ये तुटली तर पाइप निखळून ब्रेक आपोआप लागतात. पण उतारावर सारखे लाव-सोड करत बसलात तर डब्यांखालच्या टाक्यांत हवा परत भरायला वेळच मिळत नाही आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक पकडत नाही. पुस्तकात हे दोन ओळींत असतं, हाताला कळायला महिने जातात (सिम्युलेटरवर थोडंफार जमतं म्हणा). बिघाड शोधणं, रात्रपाळीत झोप सांभाळणं हे अजून वेगळंच. आणि मेडिकल तपासणीत लाल-हिरवा रंग नीट ओळखता आला नाही तर पुढचं सगळं राहूनच जातं.