पक्षी अठरा हजारांचा, पण पिंजरा कुठाय?

तलावपाळीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो संदीपच्या एका वाक्यावरून. वर्षभर महिन्याला दीड हजार बाजूला टाकून त्याने १८,००० रुपये जमवलेत. एका विक्रेत्याने सन कोन्यूरचा, म्हणजे एका पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाचा, भाव तेवढाच सांगितलाय. म्हणजे काम झालं, असं त्याचं म्हणणं.

"अर्धं झालं," मुग्धा म्हणाली. ती पशुवैद्यक आहे, तिच्याकडे पक्षीच जास्त येतात. "पिंजरा कुठाय?"

"तो देतोय सोबत. लहान आहे, पण सध्या चालेल."

नानांना मुळात सगळंच अमान्य. "पोपट म्हणजे आपला राघू. हजारभरात मिळतो, लाल चोच, गळ्याला कंठी, वर बोलतो. हे पिवळं-केशरी प्रकरण कशाला?"

विन्या कोन्यूर आणि कॉकटेल (कॉकटिएल, हाही एक छोटा परदेशी पोपट) यांची पैदास करतो. त्याने नानांना तिथेच थांबवलं. "नाना, राघू पाळणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. राघू, पहाडी, तुईया, आपल्याकडचा कुठलाच पोपट पकडायचा नाही, विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही."

"अर्ध्या गावाकडे आहे की."

"आहे, आणि त्यासाठी विणीच्या हंगामात झाडाच्या ढोलीत हात घालून पिल्लं काढतात. धड पिसंही फुटलेली नसतात. टोपलीत कोंबून शहरात आणेपर्यंत कितीतरी मरतात. हजारात मिळतो तो असा."

नानांनी विचारलं, मग परदेशी पक्षी बरा चालतो? विन्या म्हणाला, चालतो, पण कागद लागतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत कोन्यूर आहे. त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीने तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, पक्षी मेला, तरी कळवायचं. बजरी, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत, त्यांना ही नोंदणी नको. "विक्रेता म्हणाला 'नोंदणीचं नंतर बघू', की तिथून उठायचं. आणि पायातलं कडं बघ. बंद कडं पिल्लू दोन आठवड्यांचं असतानाच पंजातून सरकवता येतं, नंतर पंजा मोठा होतो. म्हणजे पक्षी कुणाच्या तरी पिंजऱ्यात जन्मला याचा तो बऱ्यापैकी पुरावा. जोड असलेलं, उघडणारं कडं कधीही चढवता येतं."

कागद इतके आवश्यक असताना खरेदीच्या गप्पांत ते सगळ्यात शेवटी येतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग मुग्धाने हिशोब मांडला. कोन्यूरला किमान २४ बाय २४ बाय ३० इंचाचा पिंजरा हवा, गजांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच. जास्त असेल तर डोकं अडकतं. पावडर कोटिंगचा घ्यायचा. साधी जस्ताची जाळी पक्षी चावत बसतो, जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. "धर सात हजार. वाट्या, ने-आण करायचा कॅरिअर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, दोन हजार. पहिली तपासणी आणि विष्ठेची चाचणी, आणखी दोन. झाले अकरा. अचानक आजारी पडला तर हाताशी पाच हजार. म्हणजे पक्ष्याच्या किमतीवर सोळा हजार अजून."

"म्हणजे अजून अकरा महिने?" संदीपचा चेहरा उतरला. एक वर्ष वाट बघितलेल्या माणसाला हे ऐकवणं सोपं नसतं, पण मुग्धाने आकडा खाली आणला नाही.

विन्याने वाट काढली. "सेल्फ न झालेलं, म्हणजे अजून स्वतः खायला न शिकलेलं पिल्लू घे. स्वस्त पडतं, आणि हाताने भरवलंस की जास्त टेम होतं, माणसाळतं."

यावर मुग्धा अक्षरशः उसळली. भरवण्याचं मिश्रण साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअसला द्यावं लागतं. जास्त गरम झालं तर क्रॉप, म्हणजे गळ्याखालची थैली, भाजते. बाहेरून काहीच दिसत नाही, काही दिवसांनी कातडीला भोक पडून अन्न बाहेर येतं. थंड झालं तर ते थैलीतच पडून आंबतं. सिरिंज चुकीच्या कोनात लागली की घास श्वासनळीत, आणि पिल्लू हातातच जातं. मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर मधेच एखादा भाग चटका बसण्याइतका गरम राहतो. "तीन हजार वाचवायला हे नवख्याच्या हाती द्यायचं?"

विन्या म्हणाला, शिकवलं तर जमतं. ते खरंही आहे. पण शिकवायला माणूस दर दोन-तीन तासांनी घरी येणार नाही, आणि संदीपची नोकरी दिवसभराची. इथे मी मुग्धाच्या बाजूने. माणसाळण्याचं म्हणाल तर सेल्फ झालेला पक्षीही रोज थोडा थोडा वेळ दिला की हातावर येतो.

"मग सन सोड, ग्रीन-चीक कोन्यूर घे," विन्या म्हणाला. "दहाच्या आसपास बसेल. सनचा आवाज तू मोबाइलवर ऐकलायस, बंद खोलीत नाही. सकाळ-संध्याकाळ ओरडतो तेव्हा समोरच्या इमारतीत ऐकू जातं. सोसायटीत पहिल्या महिन्यात तक्रार येईल. ग्रीन-चीकही ओरडतो, पण दार लावलं की निभतं."

नानांनी मधेच कॉकटेल सुचवला. चार-पाच हजारांत टेम मिळतो, अकरा हजारांचं सामान धरूनही अठरात बसतो, नोंदणीही नको. आजारपणाचे पाच हजार सोडले तर हिशोबाने नाना बरोबर होते. पण कॉकटेलच्या पिसांतून पांढरी भुकटी झडत राहते, आणि संदीपच्या आईला दमा आहे. तिथे तो पर्याय मिटला.

खाण्यावरून विन्या आणि मुग्धाची पुन्हा जुंपली. विन्याच्या मते राळा, बाजरी, करडई आणि वर भाजी, एवढं पुरतं. पेलेट, म्हणजे तयार गोळीखाद्य, हा उगाच खर्च. मुग्धा म्हणाली, मिश्रण वाटीत घातलं की पक्षी सूर्यफूल आणि करडई निवडून खातो, बाकीचं खाली पाडतो. नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. कोन्यूर दिवसाला १० ते १५ ग्रॅम खातो, सांडलवंड धरून महिन्याला अर्धा किलो. त्यात निम्म्याहून जास्त पेलेट, बाकी शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला टांगलेला. अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, मिठाचं काहीही अजिबात नाही. शेवटी विन्याने एवढं मान्य केलं की पैदाशीच्या जोड्या दिवसभर मोठ्या जाळीत उडतात, फ्लॅटमधला एकटा पक्षी तेवढा उडत नाही, आणि तेलबिया त्याला जास्त बाधतात.

घराबद्दल मात्र दोघांचं एकमत. पक्षी बाहेर असेल तेव्हा पंखा बंद, अगदी उन्हाळ्यातही. खिडक्यांना जाळी. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याचा लेप धूर सोडतो, आपल्याला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. धूप, कापूर, डासांची कॉइल पक्ष्याच्या खोलीत नको. दांड्या विकतच्या गुळगुळीत एकसारख्या नकोत. पेरूच्या फांद्या कमी-जास्त जाडीच्या, फवारणी नसलेल्या झाडाच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. एकाच जाडीच्या दांडीवर तळव्याच्या त्याच जागी भार पडून फोड येतात.

संदीपने ग्रीन-चीक धरून पुन्हा बेरीज केली. दहा, अकरा, पाच. सव्वीस. कमी पडतात आठ, म्हणजे सहा महिने.

"पिंजरा आत्ताच घे," मुग्धा म्हणाली. "दांड्या बसव, गॅलरीतलं ऊन कुठे येतं ते बघ. आणि दीड हजार टाकतच राहा, कारण पक्षी आल्यावर महिन्याला तेवढेच लागणार आहेत. मधे दोन महिने चुकले, तर तेव्हाच कळेल की हे झेपणारं नाही."

"दरम्यान बघायला तर जाऊ?"

जा, पण पैसे न नेता, असं विन्याने सांगितलं. पिंजऱ्यापासून लांब उभं राहायचं. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो, त्याला दुखणं लपवायची सवय असते. स्वस्थ बसलेला असताना श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल तर तो पक्षी नको. नाकपुड्या कोरड्या, गुदाजवळची पिसं स्वच्छ. विष्ठेत तीन भाग वेगळे दिसले पाहिजेत: हिरवट-तपकिरी घट्ट, पांढरं, आणि थोडं पाणी. हातात घेतल्यावर छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागायला हवं. हाड धारेसारखं बोटाला टोचलं तर तो उपाशी किंवा आजारी आहे. ग्रीन-चीकचं वजन ६० ते ८० ग्रॅम. सेल्फ आहे म्हणतात तर सलग तीन दिवस सकाळचं वजन मागायचं. भरवल्याशिवाय ते टिकत असेल तर खरंच सेल्फ.

"घरी आणल्यावरही रोज सकाळी खाण्याआधी वजन," मुग्धाने जोडलं. "दहा टक्के उतरलं की त्याच दिवशी दवाखाना. ७० ग्रॅमच्या पक्ष्यात दहा टक्के म्हणजे सात ग्रॅम, नजरेला कळणारच नाही. काटा त्यासाठी."

नानांनी विचारलं, एकटा ठेवायचा की जोडी? यावर विन्या आणि मुग्धा पुन्हा एकदम बोलायला लागले, आणि संदीपने मोबाइलवर गॅलरीचं माप लिहून घेतलं.