विलेमाइन फेरकाइक यांच्याविषयीच्या दोन दाव्यांचा खुलासा

डच गायिका-अभिनेत्री विलेमाइन फेरकाइक या ‘विकेड’ या संगीतिकेतील जगातील पहिल्या एल्फाबा (हिरव्या रंगाची चेटकीण, मुख्य पात्र) होत्या आणि ‘फ्रोझन’ या डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनपटातील एल्साचा जर्मन आवाज संपूर्णपणे त्यांचाच आहे, असे दोन दावे सध्या फिरत आहेत. पहिला चुकीचा आहे, तर दुसरा अर्धाच खरा आहे.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नाट्यगृहांच्या परिसरात, 2003 मध्ये ही भूमिका सर्वप्रथम इडिना मेन्झेल यांनी साकारली; फेरकाइक 2007 मध्ये स्टुटगार्टच्या जर्मन प्रयोगात एल्फाबा झाल्या आणि बहुधा तिथेच ‘पहिली जर्मन’चे ‘पहिली’ झाले असावे. खरे तर त्यांचे वेगळेपण निराळेच आहे, आणि ते या दाव्यापेक्षा कितीतरी मोठे आहे: अंगभर हिरवा रंग लावून, पहिल्या अंकाच्या शेवटी हवेत उंच उचलले जात गायची ही कस पाहणारी भूमिका त्यांनी जर्मन, डच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत केली असून 2013 मध्ये त्या ब्रॉडवे आणि लंडन अशा दोन्ही ठिकाणी एल्फाबा म्हणून उभ्या राहिल्या.

एल्साची जर्मन आणि डच गाणी फेरकाइक यांनीच गायली आहेत. जर्मन आवृत्तीतील संवाद मात्र डिना क्युर्टेन यांच्या आवाजात आहेत.