पंच्याण्णवला लागतो

मे महिन्यात, भर दुपारी, खंबाटकी घाटात गाडीचा हीटर लावणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा त्याच्या रेडिएटरचा पंखा बंद पडलेला असतो. माझ्या बाबतीत नक्की काय, यावर घरच्यांचं अजून एकमत नाही.

मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला साताऱ्याला निघालो होतो. पुढे ऊस भरलेला ट्रक, मागे एसटी, आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीशी सलगी करतोय. अशा वेळी हीटर पूर्ण सोडायचा असतो, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि थोडी उष्णता गाडीच्या आत येते, तेवढंच इंजिन वाचतं. हे मी मागच्या सीटवरच्या आईला शांतपणे समजावून सांगितलं. तिनंही तितक्याच शांतपणे विचारलं, "म्हणजे ते गार व्हावं म्हणून आपण शिजायचं?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मेस्त्रींनी दोन वायरी एकमेकींना टेकवल्या आणि पंखा भर्रकन फिरला. मोटार ठणठणीत होती. पाणी तापलं की पंखा लावणारा, रेडिएटरला बसवलेला थर्मोस्विच तेवढा गेला होता.

"या मॉडेलचा आता येत नाही साहेब. डायरेक्ट करून देऊ?"

'डायरेक्ट' हा गॅरेजातला रामबाण उपाय. हॉर्न, वायपर, लाइट, काहीही बिघडू द्या, मधली सगळी अक्कल काढून टाकायची आणि वायर सरळ जोडायची. चावी फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. पुण्यातल्या निम्म्या जुन्या गाड्या अशाच धावत असतील आणि त्यांच्या मालकांना झोपही चांगली लागत असेल. पण मी १९९१ सालचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. पुढची तीस वर्षं बँकेत लेजर जुळवण्यात गेली हा भाग वेगळा. थंडीत सकाळी इंजिन तापायच्या आधीच पंखा त्याला वारा घालणार, पेट्रोल जास्त जाणार, पंख्याची मोटार झिजणार, असं सगळं मी मेस्त्रींना ऐकवलं. त्यांनी हात पुसत एवढंच म्हटलं, "बघा बुवा. काम पाच मिनिटांचं आहे."

माझं काम पाच आठवड्यांचं निघालं.

तत्त्व अगदी सोपं आहे. थर्मिस्टर नावाचा मुगाएवढा दाणा असतो. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो: २५ अंशांना १० किलोओहम, पंच्याण्णवला जेमतेम आठशे ओहम. एका आयसीच्या, म्हणजे छोट्या चिपच्या, एका पायावर त्याचं व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्या पायावर प्रीसेट नावाचा छोटा स्क्रू फिरवून आपण ठरवलेलं. दोघांत वरचढ कोण, एवढंच ती आयसी सांगते. ते ऐकून ट्रान्झिस्टर रिले, म्हणजे कॉइलनं ओढला जाणारा स्विच, ओढतो आणि रिले पंखा लावतो. रिलेच्या पायांना ३०, ८५, ८६, ८७ असे नंबर असतात. जर्मन लोकांनी ते ठरवून दिलेत. मला मात्र ते पीएमटीच्या बसचे वाटायचे, आणि पहिल्या वेळी मी चुकीच्याच बसमध्ये बसलो. फ्यूज उडाला.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला काउंटरवरचा मुलगा मला लांबूनच ओळखायला लागला. पहिल्यांदा मी कॉलेजच्या आठवणीवर विसंबून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर नेला. तो १०० मिलिअँपियरचा, गाडीच्या रिलेची कॉइल मागते दीडशे. पाच मिनिटांत त्यानं प्राण सोडला. दुसऱ्या वेळी टिप १२२ नेला, पण कॉइलला उलटा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा तुकडा, लावायचा राहिला. रिले बंद होताना कॉइल जो उलटा झटका मारते तो सरळ ट्रान्झिस्टरच्या उरावर. तिसऱ्या खेपेला मुलानं न मागता दोन डायोड पुडीत टाकले. "राहू द्या काका. पैसे नकोत." तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या दयाळू नजरेनं कुणी पाहिलं नव्हतं.

मग तापमान जुळवणं. थर्मिस्टरला हीट श्रिंकचं, म्हणजे तापवलं की आवळून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचं, सोवळं नेसवून मी चहाच्या पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. पाणी खळाखळा उकळायला लागलं, तरी पारा ९८ च्या वर जाईना. तास गेल्यावर आठवलं, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पुण्याचं पाणीसुद्धा दोन अंश हातचे राखूनच उकळतं म्हणायचं! बायको म्हणाली, "हे सगळं ठीक आहे, पण त्या पातेल्यात मी चहा करणार नाही." ते पातेलं आता गॅलरीत असतं. त्यात तुळशीला पाणी घालतात.

पहिल्या चाचणीत पंखा लागला आणि दोन सेकंदांत बंद झाला. पुन्हा लागला, पुन्हा बंद. रिले शिलाई मशीनसारखा कटकटकट वाजायला लागला. कारण, थर्मिस्टर मी रेडिएटरच्या जाळीत खोचला होता. पंखा लागला की पहिला वारा त्यालाच. मग तो काढून वरच्या पाइपाच्या धातूच्या तोंडाशी क्लिपनं आवळला. तरीही कटकट पूर्ण जाईना, म्हणून सर्किटला हिस्टेरेसिस दिला. लागायचं पंच्याण्णवला, पण बंद व्हायचं अठ्ठ्याऐंशीला. हा प्रकार बायकोला समजावताना मी आलेख काढणार होतो. ती म्हणाली, "कळलं. आत्याबाईंचा रुसवा. यायला एक कारण पुरतं, जायला सात लागतात." एवढी अचूक व्याख्या आमच्या सरांनाही जमली नव्हती.

त्याच आठवड्यात रात्री साडेदहाला वॉचमन वर आला. "साहेब, गाडी चालू राहिलीय." मी खिशातली चावी दाखवली. तो दोन पावलं मागे सरकला. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि तापमान आणखी थोडं चढतं, म्हणून पंखा मागाहून लागतो, वगैरे मी सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण तेव्हापासून तो खुर्ची टाकून लिफ्टच्या बाजूला बसतो.

जून उजाडला. पाऊस यायच्या आत घाटात परीक्षा घ्यायची म्हणून सज्जनगडाचं निमित्त काढलं. आमच्या गाडीत एसी लावला की वेगळ्या वायरनं पंखा आपोआप फिरतो, म्हणून एसी बंद. रिलेचा आवाज ऐकू यायला हवा, म्हणून काचा वर आणि गाणी बंद. पुढच्या सीटवर लेक मल्टिमीटर मांडीवर घेऊन व्होल्टेज वाचत होती. "दोन पॉइंट तीन... दोन पॉइंट दोन..." मी प्रीसेट दोनवर, म्हणजे पंच्याण्णव अंशांवर, ठेवला होता. पुढे परत एक ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारा. त्याला ओव्हरटेक करायची संधी दोनदा आली, मी दोन्हीदा सोडली. कधी नव्हे ते आयुष्यात मला घाटात ट्रकच्या मागेच राहायचं होतं.

"दोन पॉइंट एक... बाबा, दोन!"

टक्. आणि मग बॉनेटखालून तो भर्रर्र आवाज. लेकीनं टाळी वाजवली. बायकोनंसुद्धा, घामानं डोळे चुरचुरत असताना, "लागला हो!" म्हटलं.

मागून आईचा आवाज आला. "इंजिनाला लागला ना पंखा? मग आता माझ्यासाठी एसी लाव."

"पाचच मिनिटं थांब, आई. अठ्ठ्याऐंशीला बंद होतो का, तेवढं बघायचंय."

आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून ती मुंजीची जुनी पत्रिका काढली आणि वारा घ्यायला लागली. डायरेक्ट.