गाइड घेतला म्हणून माझा ट्रेक 'सहल' झाला का?

सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

परवा मी जॉर्डनच्या वादी रममधले फोटो टाकले होते. चार दिवस चालणं, तीन रात्री वाळवंटात मुक्काम, बरोबर तिथलाच एक बदू, म्हणजे वाळवंटातल्या अरब टोळ्यांपैकी, गाइड. तुम्ही सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत, त्याबद्दल प्रेम आहेच. पण आज उठून बघते तर एक कमेंट: 'फोटो मस्त. पण गाइडच्या मागे मागे चालणं म्हणजे ट्रेक नव्हे, ती सहल.' पुढे डोळा मारणारा पिवळा गोळा. आणि त्याला एकवीस लाइक! त्यात सहा-सात जण असे, ज्यांच्याबरोबर मी काळोखात किल्ले चढलेय, एका डब्यात जेवलेय.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण दहा वाजता भाच्याचा फोन. नोव्हेंबरमध्ये तो मित्रांबरोबर तिकडेच चाललाय. म्हणतो, "मावशी, मॅप डाउनलोड केला की झालं ना? गाइडचे पैसे वाचतील." कमेंट त्यानेही वाचली होती. तेव्हा मात्र राहवेना.

तर बाटलीची गोष्ट सांगते. घरात सगळ्यांना सांगून झालीय, तुम्हीही ऐका.

दुसरा दिवस. ऑक्टोबरअखेर होती, म्हणजे मोसम चांगला, भाजून काढणारा उन्हाळा नाही. माझ्या सॅकला दोन्ही बाजूंना दीड-दीड लिटरच्या बाटल्या. आता आपल्याला लहानपणापासून शिकवलंय काय, तर पाणी पुरवून प्यायचं. त्यामुळे मी आपली घोट-घोट घेत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. बारा वाजेपर्यंत एका बाटलीतलं अर्धंही संपलं नव्हतं. घाम तर दिसतच नव्हता, मला वाटलं काय मस्त हवा आहे! टोपी काढली तर कडेने पांढरी रेघ. मीठ. घाम भरपूर येत होता, पण त्या कोरड्या हवेत अंगावर टिकतच नव्हता.

गाइड मागे वळला. पंचविशीतला पोरगा, पायात साध्या सपाता. काही न बोलता माझ्या सॅकच्या कप्प्यातून बाटली उपसली, हातात तोलून बघितली, दुसरी तोलली. आणि एका मोठ्या खडकाच्या सावलीत बसकण मारून सगळ्यांना थांबवलं. पुढचा टप्पा जेमतेम अर्ध्या तासावर होता. मी म्हटलं, चला की, मला काही झालेलं नाही. तो म्हणाला, "शवै, शवै." म्हणजे सावकाश. मग मोडक्या इंग्रजीत, "पाणी पाठीवर काय कामाचं? पोटात पाहिजे."

मला राग आला. खरंच आला. वीस वर्षं डोंगरात फिरणाऱ्या बाईला हा कालचा पोरगा पाणी प्यायला शिकवणार! तणतणत सॅक उघडायला गेले, खजूर काढायला, तर चेन सरकेना. चेन ठीक होती. माझी बोटंच धड पकडत नव्हती. तीनदा सुटली. त्याने बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मी विसरणार नाही.

तिथे आम्ही अडीच तास बसलो. सुक्या काटक्यांवर चहा झाला, मरमिया नावाचा पाला घातलेला आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा. एरवी मी तोंड वाकडं केलं असतं. तीन पेले प्यायले, वर खारे शेंगदाणे, वर पाऊण लिटर पाणी. चार वाजता निघालो तेव्हा माझी मी परत आले होते.

आता सांगा, हे कुठल्या मॅपवर दिसतं?

बरं, तुम्ही म्हणाल हे तब्येतीचं झालं, वाट शोधण्याचं काय? वाट नसतेच हो तिथे! ७०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला संरक्षित भाग, २०११ पासून युनेस्कोच्या यादीत. सरळसोट उभे वालुकाश्माचे डोंगर आणि त्यांच्यामधून वाळूचे रस्तेच रस्ते. रस्ते कसले, जीपच्या चाकांनी केलेली जाळी. प्रत्येक फाटा पहिल्यासारखाच. गावापासून थोडं आत गेलं की बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. जीपीएस उपग्रहावर चालतं, कबूल, बिंदू बरोबर दाखवेल. पण समोरच्या घळीतून पलीकडे उतरता येतं की मध्येच तीस फुटांचा कडा आहे, हे तो बिंदू सांगत नाही.

संध्याकाळी तर मी आणखी एक शहाणपण केलं. वादी म्हणजे अरबीत दरी, कोरड्या नदीचं पात्र. मुक्कामाला पोचलो तिथे दोन कड्यांच्या मध्ये मऊ, सपाट वाळूचा पट्टा होता, वारा अडलेला, जणू गादीच घातलीय. मी मॅट पसरून मोकळी. गाइड आला, मॅट गुंडाळली, आणि वर दगडधोंड्यांच्या उंचवट्यावर नेऊन टाकली. आकाशात ढगाचा ठिपका नाही! मी हुज्जत घातली. तेव्हा त्याने मला कड्याजवळ नेऊन बोट दाखवलं. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर खडकाच्या भेगेत वाळक्या काड्या, मुळं, प्लॅस्टिकची एक चिंधी, सगळं आडव्या रेघेत अडकलेलं. जुन्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं.

पाऊस डोक्यावर पडायची गरजच नसते. लांब कुठेतरी डोंगरात पडतो, खडक आणि कडक जमीन ते पाणी पीत नाहीत, आणि लोंढा कोरड्या पात्रातून येतो. जॉर्डनमध्येच २५ ऑक्टोबर २०१८ ला मृत समुद्राजवळ असा पूर आला आणि २१ माणसं गेली. बरीचशी शाळेच्या सहलीला आलेली मुलं. दोनच आठवड्यांनी पेट्रातून, म्हणजे तिथल्या डोंगरात कोरलेल्या प्राचीन नगरीतून, हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं. सहल म्हणे! हा शब्द इतक्या सहज वापरू नका, एवढंच म्हणते.

मला माहितीय, आता कोणीतरी लिहिणार की सगळे गाइड असे नसतात. नसतात. मीही पोळलेय. त्याच दौऱ्यात शेवटच्या रात्रीसाठी आधीच बुक केलेल्या एका कॅम्पवर (नाव घेत नाही) 'चाऱ्यांखालची शांत रात्र' लिहिलेलं (ताऱ्यांखालची म्हणायचंय, रागात बोटं घसरतायत), आणि प्रत्यक्षात अकरापर्यंत स्पीकर आणि झगझगीत दिवे. हल्ली ते पारदर्शक घुमट निघालेत ना, आत एसी, बाथरूम, मंगळावर राहिल्यासारखं वाटावं म्हणून. वाळवंटात जाऊन काचेतून वाळवंट बघायचं. असो, तो वेगळा विषय, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. काही 'गाइड' म्हणजे नुसते जीपचे ड्रायव्हर असतात, फोटो पॉइंटवर सोडतात आणि मोबाइल बघत बसतात, हेही खरं. आणि ज्यांना वाळवंटाचं खरोखर ज्ञान आहे, जे एकट्याने जाऊन धडधाकट परततात, त्यांना माझा नमस्कार. ती कमेंट करणारा त्यातला नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आमच्या गाइड पोराला काय काय माहीत होतं, सांगू? खझालीच्या अरुंद घळीत खडकावर कोरलेले उंट, माणसं आणि पावलांचे ठसे त्याने हात न लावता, लांबून काडीने दाखवले. अशी हजारो चित्रं आणि लेख आहेत त्या भागात, बारा हजार वर्षांच्या माणसांच्या खुणा. झऱ्याचं पाणी कड्यावरून खाली आणायला नबातियन लोकांनी, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्यांनी, दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली पन्हळ दाखवताना तर असा खुलला, जणू आजोबांनी बांधलीय. उम्म अद-दामीवर, म्हणजे त्यांच्या देशातल्या सगळ्यात उंच शिखरावर, साडेअठराशे मीटरच्या आसपास, चढताना सगळ्यात मागे राहिला, कारण मागे मी होते. हवा स्वच्छ असेल तर वरून तांबडा समुद्र दिसतो म्हणे. आम्हाला सौदीच्या डोंगरांच्या धुरकट रांगा दिसल्या, समुद्र नाही. तो बिचारा माफी मागत राहिला, जणू धुकं त्यानेच घातलंय.

आणि रात्री! दिवसा तापलेली वाळू अंधार पडल्यावर भराभर गार होते, पहाटे मी दोन स्वेटर आणि स्लीपिंग बॅगमध्ये कुडकुडत होते. उठून बघते तर तो जागा, विझत आलेल्या निखाऱ्यांजवळ. मला बघून म्हणाला, बूट झटकून घाला, विंचू असतो. तेवढंच. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. आकाशगंगा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही, आणि मला वाटत होतं की आता हा पोरगा घरी जाऊन आईला माझ्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट सांगणार.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. कमेंट डिलीट करणार होते, राहू दे. लाइक करणाऱ्या एकवीस जणांपैकी एकाने मगाशी गुपचूप लाइक काढलाय, आता वीस आहेत. बघितलंय मी.

भाच्याला मात्र सकाळीच लांबलचक मेसेज टाकला होता. गाइड घे, आणि बुक करण्याआधी विचार की तो तुमच्याबरोबर पायी चालणार की जीप घेऊन पलीकडे वाट बघणार, मुक्कामाची जागा कोण ठरवणार, आणि पाण्याचा साठा वाटेत कुठे मिळणार. दिवसभर निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही.

आत्ता आलं. 'मावशी, दिवसाला किती लिटर पकडू?'

थांबा, फोनच करते त्याला.