आकडा गपचूप बदलतोच कसा?

प्लेटच्या एका कोपऱ्याला 3 मिमीचा चॅम्फर द्या, म्हणजे कोपरा तिरका कापा, एवढंच म्हणाला होता कस्टमर. दिला. फ्रीकॅड या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काम करतो मी, तिथे थ्रीडी मॉडेलमध्ये दोन क्लिकचं काम. ड्रॉइंगचं पान उघडलं, व्ह्यू अपडेट झाला, चॅम्फर दिसला, कुठे एरर नाही, कुठे लाल खूण नाही, पीडीएफ काढली आणि पाठवली भोसरीच्या मशीन शेडला. काल संध्याकाळी तिकडून फोन, साहेब, डॉवेल पिन होलमध्ये बसत नाहीये. बसणार कसा! होल कडेपासून 45 वर हवं होतं आणि कागदावर 42 छापून गेलं. कोपराच उरला नाही ना, चॅम्फरमुळे तिथे दोन नवे बिंदू आले आणि डायमेन्शनने, म्हणजे ड्रॉइंगवरच्या मापाने, जुना सोडून 3 मिमी आतला बिंदू धरला. मॉडेलमधलं होल केसभरही हललेलं नाही! ऑपरेटरने कागदावर होतं तसंच केलं, त्याचा काडीचा दोष नाही, पण अख्खा लॉट भंगारात आणि मटेरियलचा खर्च आमच्या डोक्यावर.

अरे डायमेन्शन तुटलं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं. पुन्हा लावलं असतं. पण तुटायच्या ऐवजी ते खोटा आकडा छातीठोकपणे छापतं, हे कसं सहन करायचं?

फ्रीकॅडचं 1.0 आलं नोव्हेंबर 2024 मध्ये, टोपोलॉजिकल नेमिंगचा, म्हणजे आकार बदलला की कडा-बिंदूंचे नंबर बदलून सगळं बिघडण्याचा, वर्षानुवर्षांचा छळ बराच कमी झाला, मलाही मनापासून आनंद झाला होता. पण तो सगळा मॉडेलच्या बाजूला. टेकड्रॉच्या, म्हणजे फ्रीकॅडमधल्या ड्रॉइंगच्या भागाच्या, पानावर डायमेन्शन अजूनही व्ह्यूमधल्या अमुक नंबरच्या रेषेला नाहीतर बिंदूला चिकटलेलं, आकार बदलला की नंबर सरकणार. रिपेअरचं टूल आहे म्हणतात, आहे ना, एकेक डायमेन्शन निवडून नवा संदर्भ द्यायचा, पण त्यासाठी आधी बिघडलंय हे कळायला नको?

आणि ते कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे ड्रॉइंगवर नुसत्या रेषांनी दाखवलेले आटे. होल सरकवलं की होल जातं पुढे आणि आट्यांच्या रेषा जुन्याच जागी लटकत राहतात. बरं म्हणून मॉडेलमध्ये खरे आटे काढावेत तर लपलेल्या रेषा शोधता शोधता पान असं अडकतं की चहा पिऊन आलो तरी तिथेच.

ओपनएससीकॅड या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ, म्हणजे कटिंगची टूडी फाइल, काढा म्हणणारे वेगळेच. डिफॉल्ट सेटिंगला 8 मिमीचं गोल भोक 13 बाजूंचं निघतं! एफएन, म्हणजे बाजूंची संख्या ठरवणारं सेटिंग, वाढवा म्हणे. वाढवलं तरी बाजूच वाढतात, सर्कल म्हणून काही येतच नाही, लेसरवाल्याकडे नुसते बारीक बारीक तुकडे जातात आणि तो मला फोनवर झापतो.

सगळ्यात डोक्यात जातात ते लोक, जे म्हणतात ड्रॉइंग हवंच कशाला, थ्रीडी मॉडेलची स्टेप फाइल पाठवून द्या. कुणाला पाठवू? रेडियल ड्रिलवर उभ्या असलेल्या माणसाला? त्याला 20 एच7 लिहिलं की होल 20.000 ते 20.021 मिमीच्या आत हवं हे तोंडपाठ आहे, त्याच्या हातात कागद हवा, त्यावर टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी कमीजास्त, हवा, सरफेस फिनिशचं चिन्ह हवं. स्टेप फाइलच्या एपी 242 या प्रकारात टॉलरन्स घालता येतात हे मलाही माहितीये, पण ते वाचणारं सॉफ्टवेअर त्या शेडमध्ये आहे कुठे? तिथे ड्रॉइंग हेच अंतिम. भांडण झालं की कागदावरच बोट ठेवतात, मॉडेल कुणी बघत नाही. आणि ओपन कॅडच्या दुनियेत या कागदालाच सावत्र वागणूक, नवीन व्हर्जन आलं की चमकदार रेंडर दाखवायचे, ड्रॉइंगचं बघू नंतर.

फुकट आहे तर तक्रार कशाला, हेही ऐकवतात. फाइल जोडून, पायऱ्या लिहून बग रिपोर्ट देतो मी, तेही कामच आहे. आणि तक्रार करतो कारण मला हेच वापरायचंय, चार माणसांच्या वर्कशॉपला दरवर्षी लायसन्सचे पैसे भरणं जमत नाही, आमच्यासारख्यांना दुसरा आधार नाहीये.

मागणी एवढीच आहे. मॉडेल बदलल्यावर ज्या डायमेन्शनचा आकडा बदलला ते लाल करा, जुना आणि नवा दोन्ही आकडे समोर दाखवा, आणि मी स्वतः हो म्हणेपर्यंत पीडीएफ निघूच देऊ नका.